छळछावण्यांतील कैद्यांवर झालेले वैद्यकीय प्रयोग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात नाझी जर्मनीच्या छळछावण्यांत कैद्यांवर जे वैद्यकीय प्रयोग झाले, त्यांविषयी वाचक, आणि त्यांतही वैद्यकशाखेचे विद्यार्थी, जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात ते येथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल. जेथे दोन उत्तरांचा संबंध येतो तेथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. काही वर्णने वाचवत नाहीत, पण ती सौम्य केली तर ज्यांच्यावर हे गुदरले त्यांच्यावर पुन्हा अन्याय होईल, म्हणून ती तशीच ठेवली आहेत.

१. छळछावणीतले ‘वैद्यकीय प्रयोग’ म्हणजे नेमके काय? कैद्यांवर उपचार करताना झालेल्या चुकांना हे नाव दिले आहे का?

नाही. उपचाराशी या प्रयोगांचा काहीही संबंध नव्हता. धडधाकट माणसाला मुद्दाम आजारी पाडणे, जखमी करणे, गारठवणे, तहानेने व्याकूळ करणे किंवा वांझ करणे आणि त्याचे काय होते याची नोंद ठेवणे, असे त्यांचे स्वरूप होते. काही प्रयोग लष्कराच्या गरजेपोटी झाले : उंचावरून उडी टाकणारा वैमानिक किंवा बर्फाळ समुद्रात पडलेला खलाशी कसा वाचवावा, हे त्यांतून शोधायचे होते. काही प्रयोग औषधे आणि लसी तपासण्यासाठी झाले. उरलेल्यांच्या मुळाशी वंशविषयक कल्पना होत्या आणि ‘नकोशा’ ठरवलेल्या समाजांची संततीच थांबवावी हा हेतू होता. तिन्ही प्रकारांत एक गोष्ट समान होती : कैद्याला कोणी विचारले नाही, आणि तो मेला तरी चालेल हे आधीच गृहीत धरलेले होते.

२. हे प्रयोग कोठे आणि कधी झाले?

मुख्यतः १९४२ ते १९४५ या काळात. म्युनिकजवळच्या डाखाऊ छावणीत उंचीचे, थंडीचे, मलेरियाचे आणि समुद्राच्या पाण्याचे प्रयोग झाले. राव्हेन्सब्रुक या स्त्रियांच्या छावणीत जखमांचे, बुखेनवाल्डमध्ये टायफसच्या लसींचे, नाट्सवायलरमध्ये विषारी वायूंचे, नॉयेनगामेमध्ये क्षयरोगाचे, तर ऑशविट्झमध्ये वंध्यीकरणाचे आणि जुळ्या मुलांवरचे प्रयोग झाले. ही यादी पूर्ण नाही. लहानमोठे प्रयोग इतरत्रही झाले.

३. एकूण किती लोकांवर प्रयोग झाले?

अनेक वर्षे ठोकळ अंदाजच सांगितले जात. इतिहासकार पॉल वाइंडलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नावानिशी शोध घेतला, तेव्हा ज्यांच्याविषयी पुरेसा पुरावा आहे असे सुमारे १५,७५० बळी निश्चित झाले. आणखी सुमारे १२,००० जणांची प्रकरणे शक्य कोटीतली आहेत, पण पुरावा अपुरा आहे. ‘बळी’ या शब्दाचा अर्थ येथे ‘प्रयोगात मेलेले’ असा नाही. बरेच जण वाचले आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे अधू शरीर घेऊन जगले. शिवाय प्रयोग संपल्यावर साक्षीदार उरू नये म्हणून मारलेल्यांची गणना वेगळी करावी लागते (प्रश्न ९ पाहा).

४. हे लोक खरेच डॉक्टर होते का? की डॉक्टरचा कोट चढवलेले वेडे आणि विकृत गुंड?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि त्यात दडलेली समजूत बाजूला सारल्याशिवाय बाकीचे काही समजत नाही. क्लाउस शिलिंग हे रॉबर्ट कॉख यांचे शिष्य होते. बर्लिनच्या कॉख यांच्याच संस्थेत उष्णकटिबंधीय रोगांच्या विभागाचे ते पहिले प्रमुख झाले. सत्तरी ओलांडलेल्या या नामवंत मलेरियातज्ज्ञाने डाखाऊमध्ये हजाराहून अधिक कैद्यांना मलेरियाची लागण केली, आणि त्यांत पोलिश कॅथलिक धर्मगुरू मोठ्या संख्येने होते. कार्ल गेबहार्ट हे होहेनलिखेन येथील मोठ्या रुग्णालयाचे प्रमुख आणि नाणावलेले शल्यविशारद होते. समुद्राच्या पाण्याच्या प्रयोगांशी जोडलेले हान्स एपिंगर यांचे नाव यकृतरोगांच्या अभ्यासात जगभर घेतले जाई.

हे काम चोरून, अंधाऱ्या खोलीतही झाले नाही. २६ आणि २७ ऑक्टोबर १९४२ रोजी न्यूरेंबर्गमध्ये समुद्रातील आणि हिवाळ्यातील आपत्तींविषयी वैद्यकीय परिषद भरली. तीत सुमारे ९५ शास्त्रज्ञांसमोर डाखाऊच्या थंडीच्या प्रयोगांचे निष्कर्ष मांडले गेले आणि तपशील असे होते की माणसे मेल्याशिवाय ते मिळणे शक्य नव्हते, हे ऐकणाऱ्याला कळत होते. सभागृहातून निषेध झाला नाही. मे १९४३ मध्ये बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय परिषदेत राव्हेन्सब्रुकचे निष्कर्ष असेच वाचले गेले. जर्मनीतल्या जवळजवळ ४५ टक्के डॉक्टरांनी नाझी पक्षाचे सदस्यत्व घेतले होते. त्यांतले बहुतेक प्रयोगांत सामील नव्हते हे खरे. तरीही ‘काही माथेफिरूंचे काम’ म्हणून हा विषय मिटवणे मला इतिहासाशी प्रामाणिक वाटत नाही.

५. त्या काळी रुग्णाची संमती घेण्याचा नियमच नसेल, तर त्यांना आजच्या मापाने का मोजायचे?

नियम होता, आणि तो जर्मनीतच होता. त्वचारोगतज्ज्ञ आल्बर्ट नायसर यांनी स्त्रियांना न विचारता सिफिलिसविषयीचे प्रयोग केले म्हणून गदारोळ झाला, तेव्हा प्रशियाच्या सरकारने १९०० मध्ये आदेश काढला की उपचाराव्यतिरिक्त अन्य हेतूने काही करायचे तर व्यक्तीला नीट समजावून तिची निःसंदिग्ध संमती घेतलीच पाहिजे. १९३१ मध्ये जर्मनीच्या गृहखात्याने मानवी प्रयोगांविषयी आणखी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे प्रसृत केली. त्या वेळच्या जगात इतके स्पष्ट नियम क्वचितच कोठे होते. तेव्हा हे प्रयोग आजच्या मापाने चूक ठरतात असे नसून त्यांच्या स्वतःच्या देशाच्या, त्यांच्याच काळातल्या मापानेही ते चूक ठरतात.

६. डाखाऊमधले उंचीचे आणि थंडीचे प्रयोग कसे सुरू झाले?

झिगमुंड राशर या वायुदलातल्या तरुण डॉक्टराने १५ मे १९४१ रोजी एसएस या नाझी पक्षाच्या निमलष्करी संघटनेचा प्रमुख हाइनरिख हिमलर याला पत्र लिहिले. फार उंचीवर माणसाचे काय होते याचे प्रयोग जिवावर बेतू शकतात, म्हणून कोणी आपणहून पुढे येत नाही, आणि माकडांवरून माणसाचा अंदाज बांधता येत नाही. तरी दोन-तीन ‘सराईत गुन्हेगार’ मिळतील का, अशी विचारणा त्यात होती. होकार मिळाला. मार्च ते ऑगस्ट १९४२ या काळात डाखाऊमध्ये आणलेल्या कमी दाबाच्या फिरत्या कोठडीत कैद्यांना बसवून सुमारे २१,००० मीटर उंचीपर्यंतचा विरळ हवेचा दाब निर्माण केला गेला. सुमारे २०० कैद्यांपैकी ७० ते ८० मरण पावले. काहींची विच्छेदने तर हृदय पुरते थांबण्याआधीच केली गेली.

ऑगस्ट १९४२ पासून थंडीचे प्रयोग सुरू झाले. कैद्यांना वैमानिकाचा पोशाख चढवून किंवा उघडे करून बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास बुडवून ठेवत, किंवा हिवाळ्यात रात्रभर उघड्यावर विवस्त्र ठेवत. सुमारे ३०० जणांवर हे झाले आणि ८० ते ९० जण त्यात गेले. शरीराला पुन्हा ऊब देण्याच्या प्रयोगांसाठी राव्हेन्सब्रुकमधून चार स्त्रियांना आणून त्यांचा वापर केला गेला; हा प्रकार हिमलरच्या आग्रहावरून झाला.

राशरचा शेवटही सांगावा लागतो. पत्नीला उतारवयात मुले झाली असे भासवून त्या दांपत्याने दुसऱ्यांची मुले पळवली होती. ते उघड झाल्यावर १९४४ मध्ये त्याला अटक झाली आणि २६ एप्रिल १९४५ रोजी डाखाऊमध्येच एसएसने त्याला गोळी घातली. त्यानंतर तीनच दिवसांनी छावणी मुक्त झाली.

७. रोमा लोकांवरही प्रयोग झाले का? त्यांचा उल्लेख फारसा आढळत नाही.

झाले, आणि उल्लेख आढळत नाही ही तक्रार रास्त आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात समुद्राचे पाणी पिण्याजोगे करण्याच्या दोन पद्धतींची तुलना करण्यासाठी रोमा आणि सिंती (ज्यांना ‘जिप्सी’ म्हणत) समाजांतील ४४ कैद्यांना डाखाऊमध्ये आणले. त्यांतल्या काहींना दिवसच्या दिवस फक्त खारे किंवा चव बदललेले खारे पाणी दिले गेले. तहानेपायी काहींनी फरशी पुसलेल्या ओल्या फडक्यातले पाणी चोखले, असे साक्षीत आले. प्रयोगाची देखरेख करणारा डॉक्टर विल्हेल्म बाइगलबोक न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांच्या खटल्यात (प्रश्न १५ पाहा) आरोपी होता. कार्ल हॉलेनराइनर या रोमा साक्षीदाराला न्यायालयात त्याला ओळखायला सांगितले, तेव्हा तो साक्षीदार थेट आरोपीच्या अंगावर धावून गेला. न्यायालयाचा अवमान केला म्हणून त्याला ९० दिवसांची कैद झाली. न्यायालयाची शिस्त सांभाळणे आवश्यक असते हे मान्य; तरी हा निकाल वाचताना मन घट्ट करावे लागते.

८. राव्हेन्सब्रुकच्या ‘सशां’ची हकिकत काय आहे?

आपण प्रयोगाच्या प्राण्याला ‘गिनिपिग’ म्हणतो, जर्मन आणि पोलिश भाषांत त्या जागी ससा येतो. पायांवर शस्त्रक्रिया झालेल्या ७४ पोलिश स्त्रियांना छावणीत ‘ससे’ म्हणत, आणि पुढे त्यांनीही ते नाव स्वतःसाठी वापरले.

जून १९४२ मध्ये प्राग येथील हल्ल्यात जखमी झालेला एसएसचा बडा अधिकारी राइनहार्ड हायड्रिख मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्या गेबहार्टवर ठपका आला की जंतुसंसर्गावरची सल्फा औषधे पुरेशी दिली असती तर तो वाचला असता. या औषधांचा उपयोग मर्यादित आहे हे दाखवणे गेबहार्टच्या हिताचे होते, आणि त्याच्याच देखरेखीखाली प्रयोग आखले गेले! त्या स्त्रिया बहुतांशी लुब्लिन भागातल्या, प्रतिकार चळवळीतल्या, कित्येक जणी विशीच्या आतबाहेरच्या विद्यार्थिनी. त्यांच्या पोटऱ्या चिरून जखमांत जंतू, लाकडाचा भुसा आणि काचेचा चुरा भरण्यात आला. दुसऱ्या मालिकेत हाडे, स्नायू आणि मज्जातंतू कापले किंवा काढले गेले. पाच जणी शस्त्रक्रियांमुळे मेल्या, आणि सहा जणींना जखमा भरण्याआधीच गोळ्या घातल्या.

पण ही हकिकत येथे थांबत नाही. १९४३ च्या आरंभापासून काही जणींनी घरी पाठवायच्या अधिकृत पत्रांच्या ओळींमध्ये लघवीने मजकूर लिहिला; ऊब दिली की अक्षरे उमटत. शस्त्रक्रिया झालेल्यांची नावे अशा रीतीने बाहेर गेली आणि पोलिश भूमिगत चळवळीमार्फत परदेशी पोचली. मार्च १९४३ मध्ये त्या कुबड्यांवर, एकमेकींना धरून छावणीच्या प्रमुखाच्या कचेरीपर्यंत चालत गेल्या आणि लेखी निषेध दिला. १९४४ मध्ये चोरून मिळवलेल्या कॅमेऱ्याने त्यांनी आपल्या पायांची छायाचित्रे काढली. ती फिल्म जेर्मेन तियों या फ्रेंच कैदी असलेल्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जपून बाहेर आणली. फेब्रुवारी १९४५ मध्ये सगळ्यांना संपवण्याची तयारी झाली, तेव्हा इतर कैदी स्त्रियांनी त्यांना बराकीतून बराकीत लपवले, मेलेल्यांचे क्रमांक त्यांना दिले. म्हणूनच त्यांतल्या बहुसंख्य जणी वाचल्या. चौघींनी न्यूरेंबर्गमध्ये साक्ष दिली. यादविगा जिदो न्यायालयात उभी आहे आणि डॉ. लिओ अलेक्झांडर तिच्या पायावरचे व्रण दाखवत आहेत, ते छायाचित्र या खटल्याची ओळखच बनले आहे.

९. लहान मुलांवर प्रयोग झाले हे खरे आहे का?

खरे आहे. ऑशविट्झमधील जुळ्यांविषयी प्रश्न १० पाहा. येथे हँबर्गजवळच्या नॉयेनगामे छावणीतील २० ज्यू मुलांविषयी सांगणे भाग आहे. दहा मुलगे, दहा मुली, वय ५ ते १२. ऑशविट्झमधून त्यांना कुर्ट हाइसमायर या डॉक्टरासाठी आणले गेले. त्याने त्यांना क्षयाचे जंतू टोचले आणि काखेतल्या गाठी काढून घेतल्या. ब्रिटिश फौजा जवळ आल्यावर, २० एप्रिल १९४५ च्या रात्री, हँबर्गमधील बुलेनहुझर डाम रस्त्यावरच्या शाळेच्या तळघरात या मुलांना फाशी देण्यात आले. त्यांची शुश्रूषा करणाऱ्या चार कैद्यांनाही मारण्यात आले. हाइसमायर मात्र युद्धानंतर पूर्व जर्मनीतल्या माग्डेबुर्ग शहरात १९६३ पर्यंत फुप्फुसविकारांचा डॉक्टर म्हणून प्रतिष्ठेने राहिला. १९६६ मध्ये त्याला जन्मठेप झाली आणि पुढल्या वर्षी तो मेला. त्या शाळेच्या इमारतीत आता स्मारक आहे आणि मागे गुलाबांची बाग आहे.

१०. या सगळ्यामागचा मुख्य सूत्रधार मेंगेलेच होता ना?

नाही. योसेफ मेंगेले मे १९४३ मध्ये ऑशविट्झला आला, तोवर डाखाऊ आणि राव्हेन्सब्रुकचे प्रयोग पूर्ण भरात होते. तो क्रूर होता यात शंका नाही. जुळ्या मुलांची मोजमापे, वारंवार रक्त काढणे, टोचण्या, आणि काहींना केवळ विच्छेदनासाठी मारणे, हे सारे त्याने केले. पण तो एकटा नव्हता. त्याचे गुरू ओट्मार फॉन फर्शुअर बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख होते, आणि ऑशविट्झमधून रक्ताचे नमुने व डोळे त्या संस्थेकडे जात. फर्शुअर युद्धानंतर पुन्हा विद्यापीठात प्राध्यापक झाले. मेंगेले १९४९ मध्ये अर्जेंटिनाला पळाला आणि १९७९ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्यावर बुडून मेला. त्याच्यावर खटला कधीच चालला नाही. त्याचे नाव सर्वतोमुखी आहे, त्याला नमुने मागणाऱ्या संस्थेचे नाही.

११. ऑशविट्झच्या १० क्रमांकाच्या बराकीत काय चालत असे?

तेथे वंध्यीकरणाचे प्रयोग होत. कार्ल क्लाउबर्ग हा स्त्रीरोगतज्ज्ञ ज्यू स्त्रियांच्या गर्भाशयात दाहक द्रव टोचून नलिका बंद पाडत असे. होर्स्ट शूमान स्त्री-पुरुषांच्या जननेंद्रियांवर क्ष-किरणांचा मारा करी, त्यामुळे अंग भाजून निघे, आणि नंतर परिणाम पाहण्यासाठी अवयव काढले जात. शस्त्रक्रियेविना, माणसाच्या नकळत, लाखोंचे वंध्यीकरण कसे करता येईल याचा हा शोध होता. क्लाउबर्ग सोव्हिएत कैदेतून १९५५ मध्ये सुटला, जर्मनीत पुन्हा पकडला गेला आणि १९५७ मध्ये खटला उभा राहण्याआधी मेला. शूमान अनेक वर्षे आफ्रिकेत डॉक्टरकी करत होता. घानाने १९६६ मध्ये त्याला जर्मनीच्या ताब्यात दिले, पण प्रकृतीच्या कारणावरून तो १९७२ मध्ये सुटला.

१२. मनोरुग्णांना मारण्याची ‘टी-४’ मोहीम हाही याच प्रयोगांचा भाग होता का?

नाही, ती वेगळी आहे, जरी माणसे काही प्रमाणात तीच होती. ‘टी-४’ ही अपंग आणि मनोरुग्ण व्यक्तींच्या हत्येची मोहीम होती. ऑगस्ट १९४१ पर्यंत तीत ७०,००० हून अधिक लोक मारले गेले आणि हत्या नंतरही चालू राहिल्या. तिचे प्रमुख कार्ल ब्रांट आणि व्हिक्टर ब्राक हे डॉक्टरांच्या खटल्यातही आरोपी होते, त्यामुळे दोन्हींची गल्लत होते.

१३. डॉक्टरांना नकार देता आला नसता; दिला असता तर त्यांनाच छावणीत टाकले असते, असे म्हणतात. ते बरोबर आहे का?

कागदपत्रे वेगळेच सांगतात. राशरने कैदी स्वतःहून मागितले (प्रश्न ६ पाहा), क्लाउबर्गनेही हिमलरला स्वतःच पत्र लिहिले. ऑशविट्झमधला एसएस डॉक्टर हान्स म्युंख याने रेल्वे फलाटावर माणसे निवडून मरणाला धाडण्याच्या कामास नकार दिला, आणि त्याला शिक्षा झाली नाही. पोलंडमधील क्राको येथे ऑशविट्झच्या कर्मचाऱ्यांवर चाललेल्या खटल्यात ४० आरोपींपैकी तो एकटाच निर्दोष सुटला. तरी त्याला नायक करू नये : कैद्यांवरच्या काही प्रयोगांत त्याचाही हात होता.

अधिक अस्वस्थ करणारे उदाहरण गेरहार्ड रोझ या उष्णकटिबंधीय रोगतज्ज्ञाचे आहे. मे १९४३ च्या बर्लिनच्या परिषदेत (प्रश्न ४ पाहा) बुखेनवाल्डच्या टायफसप्रयोगांवर उघड आक्षेप घेणारा तो जवळजवळ एकमेव होता. त्यालाही काही झाले नाही. पण त्याच वर्षी पुढे त्याने स्वतःच एक लस त्याच बुखेनवाल्डमध्ये तपासून पाहण्याची विनंती केली. न्यूरेंबर्गमध्ये त्याचा आक्षेप त्याच्या बचावाला आला नाही, उलट त्याला सगळे समजत होते याचा पुरावा ठरला.

१४. कैदी असलेल्या डॉक्टरांनी काय केले?

याचे एकच उत्तर नाही. आदेलाइद ओत्वाल या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञ बाईंना ऑशविट्झच्या १० क्रमांकाच्या बराकीत (प्रश्न ११ पाहा) ठेवले होते. त्यांनी प्रयोगांत मदत करण्यास स्पष्ट नकार दिला आणि त्या वाचल्या. बुखेनवाल्डमध्ये लुडविक फ्लेक आणि इतर कैदी शास्त्रज्ञांना टायफसची लस बनवायला लावले होते. ते एसएससाठी निरुपयोगी लस पाठवत आणि खरी, थोडी बनणारी लस कैद्यांना टोचत.

याउलट, ऑशविट्झमधील पोलिश कैदी डॉक्टर व्ल्यादिस्वाव डेरिंग याने शूमानच्या बळींवर अवयव काढण्याच्या शस्त्रक्रिया केल्या. याविषयी छापून आलेल्या मजकुराविरुद्ध त्याने लावलेला बदनामीचा दावा १९६४ मध्ये लंडनमध्ये चालला. त्या मजकुरात आकडे फुगवलेले होते, म्हणून तो तांत्रिकदृष्ट्या जिंकला. पण ज्युरीने त्याला भरपाई दिली ती अर्धी पेनी, म्हणजे त्या देशातले सर्वांत लहान नाणे. ओत्वाल त्या खटल्यात साक्षीला आल्या होत्या. जिवाच्या भीतीखाली असलेल्या कैद्याला किती दोष द्यावा, हे ठरवण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही. पण नकार शक्य होता हे ओत्वाल यांच्यामुळे सिद्ध झाले.

१५. न्यूरेंबर्गच्या डॉक्टरांच्या खटल्यात काय झाले?

९ डिसेंबर १९४६ रोजी अमेरिकी लष्करी न्यायाधिकरणासमोर २३ आरोपी उभे राहिले, त्यांत २० डॉक्टर होते. निकाल ऑगस्ट १९४७ मध्ये लागला. १६ दोषी ठरले, ७ सुटले. सात जणांना फाशीची शिक्षा झाली आणि २ जून १९४८ रोजी लांड्सबर्ग तुरुंगात ती अमलात आली. कार्ल ब्रांट आणि गेबहार्ट त्यांत होते. कैदेची शिक्षा झालेल्यांच्या शिक्षा नंतर कमी झाल्या आणि १९५० च्या दशकातच ते बाहेर आले. एकमेव स्त्री आरोपी हेर्टा ओबरहॉयझर हिला २० वर्षांची शिक्षा झाली होती. १९५२ मध्ये ती सुटली आणि पुन्हा दवाखाना चालवू लागली. राव्हेन्सब्रुकमधून वाचलेल्या एका बाईने तिला ओळखले, तेव्हा कोठे १९५८ मध्ये तिचा परवाना रद्द झाला.

शिलिंग या खटल्यात नव्हता. त्याच्यावर डाखाऊच्या वेगळ्या खटल्यात आरोप सिद्ध झाले आणि मे १९४६ मध्ये त्याला फाशी झाली. आपला अहवाल पूर्ण करू द्यावा, अशी विनंती त्याने न्यायालयाला केली होती. एपिंगरने खटल्याआधी आत्महत्या केली.

१६. अमेरिकेनेही कैद्यांवर प्रयोग केले होते, असा बचाव झाला. त्यात तथ्य होते का?

अंशतः होते. इलिनॉय राज्यातील स्टेटव्हिल तुरुंगात युद्धकाळात कैद्यांना मलेरियाची लागण करून औषधे तपासली गेली, आणि बचावपक्षाने ते न्यायालयात मांडले. त्या कैद्यांनी संमतिपत्रावर सही केली होती आणि मृत्यू हा गृहीत धरलेला परिणाम नव्हता, हा फरक मोठा आहे. तरी तुरुंगात सही किती स्वेच्छेची असते हा प्रश्न उरतोच (प्रश्न १८ पाहा).

न्यायालयाला माहीत नसलेले वास्तव याहून कठोर आहे. त्याच वेळी अमेरिकेच्या टस्कीगी गावात सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांना उपचाराविना ठेवून रोगाचा प्रवास पाहिला जात होता; ते १९७२ पर्यंत चालले. आणि १९४६ ते १९४८ या काळात, म्हणजे खटला चालू असतानाच, अमेरिकी सरकारी डॉक्टर ग्वाटेमालामध्ये कैदी, सैनिक आणि मनोरुग्णांना गुप्तरोगांची लागण करत होते. याबद्दल अमेरिकेने २०१० मध्ये माफी मागितली. यामुळे डाखाऊचा गुन्हा तसूभरही कमी होत नाही.

१७. न्यूरेंबर्ग संहिता म्हणजे काय? तो कायदा आहे का?

निकालपत्रात न्यायाधीशांनी मानवी प्रयोगांसाठी दहा तत्त्वे लिहिली, तीच न्यूरेंबर्ग संहिता. पहिलेच तत्त्व असे की व्यक्तीची स्वेच्छेने दिलेली संमती नितांत आवश्यक आहे. नववे तत्त्व त्या व्यक्तीला प्रयोग मध्येच थांबवण्याचा हक्क देते. एखाद्या देशाने केलेला कायदा या अर्थाने ती कायदा नाही, आणि अनेक वर्षे डॉक्टरांनी ती ‘रानटी लोकांसाठीची’ म्हणून दुर्लक्षितही केली. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यातून तिचा आशय पुढे आला. भारतात आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) १९८० मध्ये पहिले धोरणपत्र काढले. २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे आणि २०१९ चे औषधचाचणी नियम हे त्याच वाटेवरचे पुढचे टप्पे आहेत.

१८. कैदी स्वतःच ‘हो’ म्हणाला असेल, तर प्रयोग योग्य ठरतो का?

नाझी छावण्यांपुरते उत्तर सोपे आहे. वाचलेल्या कैद्याची फाशी रद्द करून त्याला जन्मभर छावणीत ठेवण्याची ‘दया’ हिमलरने देऊ केली होती. ती पोलिश आणि रशियन कैद्यांना लागू नाही, असे नंतर कळवण्यात आले. अशा सौद्याला संमती म्हणता येत नाही.

इतरत्र उत्तर अवघड होते, आणि त्याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतले आहे. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात, जेथे प्लेग शिरला होता, स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती दिली. हेतू कैद्यांनाही वाचवण्याचा होता आणि धोका आधी स्वतः पत्करला होता, म्हणून डाखाऊशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. तरीही आज तशी चाचणी करायची तर नीतिसमिती कैद्यांना ‘असुरक्षित गट’ मानून दहा वेळा विचार करील, आणि ते मला योग्य वाटते.

१९. या प्रयोगांतून वैद्यकशास्त्राला काही उपयोग झाला का?

‘क्रूर होते, पण विज्ञान पक्के होते’ हे विधान फार पसरलेले आहे आणि ते चुकीचे आहे. अमेरिकी शल्यविशारद रॉबर्ट बर्गर यांनी १९९० मध्ये डाखाऊच्या थंडीच्या प्रयोगांची छाननी प्रसिद्ध केली. कैद्यांचे वय, पोषण, प्रकृती यांची धड नोंद नाही, आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, आणि राशर खोटेपणासाठी त्याच्या वरिष्ठांतही बदनाम होता, असे त्यांनी दाखवले. उपाशी, खंगलेल्या माणसाचे शरीर किती वेळात गारठते यावरून धडधाकट खलाशाविषयी काही सिद्ध होत नाही.

२०. मग ती माहिती वापरावी की नाही?

जी माहिती खोटी आहे तिच्याबाबत प्रश्नच उरत नाही (प्रश्न १९ पाहा). काही नोंदी कदाचित खऱ्या असतील, तेथे मते विभागलेली आहेत. १९८८ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेत फॉसजीन या विषारी वायूच्या अहवालासाठी नाझी प्रयोगांचे आकडे घेतले जात होते. संस्थेतल्याच शास्त्रज्ञांनी विरोध केल्यावर प्रमुखांनी ते वगळले. दुसरे प्रकरण व्हिएन्नातल्या पेर्नकोफ यांच्या शरीररचनेच्या चित्रसंग्रहाचे. ते छळछावणीचे नाही, पण त्या शरीरशास्त्र विभागाला नाझी काळात देहदंड झालेल्या किमान १,३७७ जणांची शरीरे मिळाली होती. मज्जातंतूंवर शस्त्रक्रिया करणारे काही जण आजही अडल्या वेळी ती चित्रे पाहतात. २०१७ च्या ‘व्हिएन्ना प्रोटोकॉल’ने, ज्यू धर्मविचाराच्या आधारे, वाट दाखवली ती अशी : जीव वाचत असेल तर पाहावे, पण चित्रे कोठून आली हे रुग्णाला आणि सर्वांना सांगूनच.

२१. वाचलेल्यांना भरपाई मिळाली का?

मिळाली, पण उशिरा आणि विषम. पश्चिम जर्मनीच्या मंत्रिमंडळाने १९५१ मध्ये प्रयोगांच्या बळींना मदत देण्याचे ठरवले, मात्र राजनैतिक संबंध नसलेल्या देशांतील लोक वगळले गेले, म्हणजे राव्हेन्सब्रुकच्या ‘सशां’पैकी (प्रश्न ८ पाहा) बहुतेक जणीही. नागरिकांच्या पुढाकाराने १९५८-५९ मध्ये त्यांतल्या ३५ जणींना उपचारासाठी अमेरिकेला नेले, त्यानंतर दबाव वाढला. पोलिश बळींसाठी १० कोटी मार्कांचा करार व्हायला १९७२ उजाडले. कैसर विल्हेल्म संस्थेची वारस असलेल्या माक्स प्लांक सोसायटीने २००१ मध्ये, तर जर्मन डॉक्टरांच्या संघटनेने २०१२ मध्ये माफी मागितली.

२२. जपानच्या ‘युनिट ७३१’ विषयी येथे का नाही?

त्याला स्वतंत्र जागा हवी. मांचुरियातील हार्बिनजवळ शिरो इशी याच्या हाताखाली जीवाणूशस्त्रांसाठी झालेल्या प्रयोगांत किमान ३,००० लोक मेले. माहितीच्या बदल्यात अमेरिकेने त्या डॉक्टरांना अभय दिले. खटला चालला तो सोव्हिएत संघात, खाबारोव्हस्क येथे, १९४९ मध्ये.

२३. बळींची नावे आणि अवशेष यांचे पुढे काय झाले?

हे काम अजून चालू आहे. ‘वंशसंग्रहा’साठी सांगाडे हवेत म्हणून स्ट्रासबुर्गमधील शरीरशास्त्राचा प्राध्यापक आउगुस्ट हिर्ट याच्याकरिता ऑशविट्झमधून ८६ ज्यू स्त्री-पुरुष निवडून आणले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये नाट्सवायलर छावणीत वायूने मारले. अनेक वर्षे ते केवळ ‘८६’ या आकड्याने ओळखले जात. त्यांच्यापैकी एकच नाव, मेनाखेम टाफेल, हातावर गोंदलेल्या क्रमांकावरून कळले होते. पत्रकार आणि इतिहासकार हान्स-योआखिम लांग यांनी क्रमांकांच्या जुन्या नोंदींवरून सर्व ८६ जणांची नावे शोधून २००४ मध्ये प्रसिद्ध केली. जुलै २०१५ मध्ये स्ट्रासबुर्गच्या न्यायवैद्यक संस्थेत त्यांतल्या काहींच्या अवशेषांच्या काचेच्या बरण्या सापडल्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, मृत्यूनंतर ७२ वर्षांनी, शहरातल्या क्रोनेनबुर्ग येथील ज्यू दफनभूमीत त्या अवशेषांना मूठमाती देण्यात आली.